पहाडात बरफ, गावात तिरसूळ

चैत्र पुनव, रविवार

आणि तिरसूळ तसाच उभा. आरती झाली, सुंठवडा वाटून झाला, नारळ फुटले, लोकं टोप्या सारख्या करून घरी गेले, अन् तिरसूळ मारोतीच्या समोर शिवरात्रीले गाडला तसाच उभा. दरसाली हनुमान जयंतीले पाटील आपल्या हातानं तो उपटून आमच्या ह्यायच्या हाती देते. म्हणते, बुवा, शीव मोकळी. झालं. गारपगाऱ्याचं, गार अडवाचं, काम सरलं. मंग आमी साधे माणसं, कुठंही जा, कोणाकडंही राहा.

औंदा पाटलानं हातच लावला नाही. म्हणे, "पहाडात अजून बरफ पडून राह्यला. तो थांबला का मंग पाहू."

कोणता पहाड, कोणाचा बरफ. मी बायायच्या घोळक्यात होती, नाहीतर तठीच इचारलं असतं. हे खाली मुंडी घालून उभे. सुंठवडा हातात, तोंडात टाकाचंही सुदलं नाही.

माझ्या लेकीचे, कौसीचे, दिवस आखाजीच्या आगंमागं भरतात. पहिलं बाळंतपण मायच्या घरी. मुराळी आणाले गेल्याबिगर लेक सासरहून निंघत नाही. तिले भाऊ नाही, काका नाही. मुराळी म्हणजे तिचा बाप. बाप तिरसुळाले बांधलेला अन् मी दह्याले. गारपगाऱ्याच्या बायकोनं रोज दिवस बुडता आपल्या हातानं दही लावाचं. आभाळ आलं का नवऱ्यानं ते मुठीनं वर फेकाचं, मंग म्हणे गार शिवेबाहेर जाते. एक खाडा पडला का सारं वाया. त्याच्यानं शिवरात्रीपासून मी एक रात गावाबाहेर नाही.

मागच्या साली कौसीचं पोट सहाव्या महिन्यात गेलं. तवाही तिरसूळ गाडलेला होता. तवाही मी अठीच दही लावून राह्यली होती.

लोकं गारपगाऱ्याले अर्धं मानते. खळ्यावर गहू देयाची वेळ आली का म्हणते आता रेडिओ आला, गारपगारी कायले पाह्यजे. अन् आमी गावाबाहेर पाय टाकतो म्हटलं का म्हणते हा गेला तं गार पडीन. एक काहीतरी धरा ना बाप्पा.

दही लावलं. आजचंही.


चैत्र वद्य २, मंगळवार

रेडिओ ऐकाले गेली. पाटलाच्या ओट्यावर माणसं, बाया गोठ्याच्या भिंतीमागं. रेडिओतली बाई हिंदी बोलते, लई गोड. आधी गाणं, मंग बातम्या, मंग हवा. पाटील हवा आली का सगळ्यायले हात करून गप करते. बाईनं कश्मीरच्या पहाडात बरफ म्हटलं. एवढंच. किती, कुठं, काही नाही. पाटलानं मान हालवली जसा त्याच्याच वावरात पडला.

हे खूळ मागच्या सालापासूनचं. पाटलाचा पुतण्या भास्कर, मेलेल्या भावाचा पोरगा, नागपुरात शिकला अन् तिकडं पहाडात एका हाटेलात कारकून झाला. मागच्या साली त्याचं कार्ड आलं का अमक्या दिवशी अठी मोठा बरफ पडला. पाटलानं बोटं मोजली. तिकडं बरफ पडला अन् चौथ्या दिवशी आपल्या गावात गार. तिरसूळ उपटून झाला होता, तरी बोल आमालेच लागला. ह्यायले दुपारभर मारोतीसमोर उन्हात बसवलं. पाटलाच्या नव्या संत्र्याच्या बागेची बोराएवढी फळं सगळी खाली. तवापासून पाटील म्हणते, तिकडचा बरफ थांबला का अठची गार थांबली. तोवर बुवा हालणार नाही.

गुरुजीले इचारलं. हेच गुरुजी ज्यायनं आमाले बायायच्या वर्गात अक्षरं शिकवली अन् सांगतलं का रोज चार ओळी लिहीत जा. बाकी बायायनं वह्या चुलीत घातल्या. मी लिहून राह्यली. गुरुजी म्हणाले, "वारा तिकडून इकडे येतो हे खरं आहे भागीरथीबाई. पण दर वेळी गार घेऊन येतो असं नाही." हेच ते पाटलालेही बोलले होते. पाटलानं पहिलं अर्ध ऐकलं अन् पान तोंडात टाकलं.

शाळेतल्या नकाशावर पाह्यलं. आमचं गाव त्याच्यात नाहीच. रिसोडही नाही. कश्मीर वर, टोपीसारखं. माझ्या अख्ख्या हाताचं अंतर.

भास्कर दिवाळीले आला होता तवा सांगे, तिकडं साहेब लोक पायाले लांब फळ्या बांधते अन् बरफावरून घसरत खाली येते. खाली आले का पुन्हा वर चढते. पुन्हा घसरते. आठ दिवस हेच. कायले रे, म्हटलं. तो म्हणे मजा. आमच्या बैलाले असं सांगतलं तं तो पहिल्या चढणीलेच बसकण मारीन.

ते घसरतात म्हणून मी अटकली. हे कोणाले सांगावं.


वद्य ३, बुधवार

कासारीण आली होती बांगड्या घेऊन. कौसीच्या सासरहून, आसेगावाहून, फिरत फिरत येते. माझ्या ओट्यावर बसली, पाणी पेली, मंग कौसीचं निंघालं. तिच्या हाती बांगड्या भराले गेली तं मनगट एवढं सुजलं का जुन्याच फोडून काढा लागल्या. पायही सुजले. पायतन होत नाही. कौसी तिले म्हणे, मायले सांग मी ठीक आहे.

ठीक आहे म्हणे. माझी लेक ठीक असली का ते कोणाले सांगत नाही.

सासूनं निरोप देल्ला का मुराळी आला तं धाडतो, नाहीतर अठीच होऊन जाईन, आमच्याकडं सुईण आहे. सासू वाईट नाही. पण तिच्या घरात सुईण म्हणजे तिची जाऊ, अन् तिले धड दिसत नाही.

कासारीण म्हणे, "काहून नाही जात वं? तुले का साखळदंड हाये?"

मी दह्याचं गाडगं दाखवलं. तिले वाटलं दही खाले देऊन राह्यली. खाल्लं तिनं. उद्या गावात समजलं तं माझी काही खैर नाही. पण कासारीण म्हणे दही चांगलं लागते. एवढ्या सालात पहिल्यांदा कोणाच्या पोटात गेलं.

(खोटं लिहिलं. कालच्या दह्याची कढी आमी दरसालीच करतो. वडाखाली ओताचं असते. मारोतीले ठाऊक आहे, तो बोलला नाही अजून.)


वद्य ५, शुक्रवार

भास्करचं कार्ड आलं. पाटलानं ओट्यावर गुरुजीकडून मोठ्यानं वाचून घेतलं. बरफ उत्तम आहे. उतारावर कमरेइतका आहे. साहेब लोक खूश आहेत. महिनाअखेरपर्यंत टिकेल असा अंदाज आहे. काकांस नमस्कार.

महिना इंग्रजी, त्याची अखेर म्हणजे आखाजीच्याही पुढं.

मी भिंतीमागून निंघाली अन् ओट्याखाली येऊन उभी राह्यली. माणसं पाह्याले लागली. मी गुरुजीले इचारलं, कार्डावर तारीख कोणती. त्यायनं सांगतली. बोटावर मोजलं, आठ दिवस झाले होते.

म्हटलं, "पाटील, हा बरफ आठ दिवसाआधीचा हाये. तुमी मागच्या आठवड्याच्या बरफाले भिऊन माणूस बांधून ठेवला. आज तठी काय हाये हे त्या कागदाले काय मालूम?"

पाटील म्हणे, "लिहिलं हाये न, टिकन म्हनून."

"मी बी लिहून देतो आमच्या गावात सोनं निंघन. निंघते का?"

दोघं-तिघं हासले. पाटील नाही हासला. मंग मी म्हटलं का अख्ख्या गावाचा गहू घरात आला, हरबरा आला, जवारीचा कडबाही रचून झाला. आता वावरात उरलं काय. फक्त तुमची संत्री. म्हणजे आमी गावाचे गारपगारी का तुमच्या बागेचे राखणदार, एकदा सांगून टाका.

पाटील पान चावत राह्यला. मंग हळूच, जसं समजावून सांगते तसं, "भागाबाई, आंबे बी हायेत. कांदे बी हायेत गरिबायचे. एकट्याचं नाही पाह्यत मी." कांदेवाले दोघं तठीच होते. त्यायनं माना हालवल्या. कांदे म्हणे. कांदा तं जमिनीत आहे बाप्पा, त्याच्या डोस्क्यावर काय गार पडते.

घरी आल्यावर हे म्हणे, एवढं बोलाचं नसते. मी म्हटलं तुमी बोलले असते तं मले बोला लागलं नसतं.


वद्य ६, शनिवार

मारोतीचा वार. तिरसूळ उपटाचा तं जयंतीले, नाहीतर शनिवारीच. दिवसभर वाट पाह्यली. कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी तेल वाह्याले गेली तवा तिरसुळाच्या बुडाले कोणीतरी शेंदूर लावलेला. म्हणजे अजून पक्का केला.

दही लावलं.


वद्य ७, रविवार

आज आलं. दुपार कलली अन् मावळतीकडून काळं निंघालं. वारा असा का निंबाचा पाला घरात. वासरायनं दावी तोडली. गावात हाक उठली, बुवा, बुवा. हे जेवत होते. ताटावरून उठले, धोतर सोडून लंगोटीवर, गाडगं काखेत, पळाले मारोतीकडं. बावन्न वर्षाचं माणूस. मागून फासळ्या मोजून घ्या.

मी मागं गेली. बाईनं जवळ जाऊ नये, म्हणून वडापाशी थांबली. हे तिरसुळाले एका हातानं धरून उभे, दुसऱ्या हातानं दही वर फेकून राह्यले अन् आभाळाले शिव्या देऊन राह्यले. जाय, शीव ओलांड, अठी तुह्या बापाचं काय हाये. आवाज असा का ओळखू येऊ नये. घरात हेच माणूस मीठ कमी पडलं तं सांगत नाही. दही सगळं त्यायच्याच डोस्क्यावर पडून राह्यलं होतं, वारा उलटा होता.

गारा पडल्या. थोड्या. बोरायएवढ्या, धोंड्यावर टाकलेल्या लाह्यासारख्या उडाल्या. मंग नुसतं पाणी. मंग तेही गेलं, रिसोडच्या अंगाले निंघून.

एक गार माझ्या पायाशी आली. उचलली अन् तोंडात टाकली. दात कळकळले. चव काहीच नाही. म्हटलं हाच का तो बरफ. ह्याच्यावर घसराले लोकं कुठून कुठून येतात. मी पूर्ण इरघळू देल्ली जिभेवर. मले पाह्याचं होतं का काय आहे त्याच्यात एवढं.

लोकं ह्यायच्या पाया पडले. कांदेवाला तं आडवा पडला. पाटील स्वतः आला, आपलं उपरणं ह्यायच्या अंगावर टाकलं. म्हणे, बुवा, वाचवलं.

मले तठीच समजलं. आता तं नाहीच सोडणार. गार पडली असती तं म्हटलं असतं गारपगारी खोटा. नाही पडली तं म्हणते गारपगारी खरा, जाऊ कसं द्यावं. पडो का न पडो, दाव्याची गाठ तीच.


वद्य ८, सोमवार

हे तापानं फणफणले. रातभर खोकला. सुंठेचा काढा देल्ला, छातीले तेल चोळलं. केसात अजून दही होतं वाळलेलं.

सकाळी जरा उतरलं तवा मी सरळ बोलली. म्हटलं चला, दोघं जाऊ. बंडी घेऊ, केनवडहून मोटार धरू, संध्याकाळपर्यंत लेकीच्या दारात. तिरसूळ राहू द्या उभा, त्याले कोण खाते.

हे म्हणे, "कौसीचे माय, मी गेलो अन् गार पडली तं?"

"मागच्या साली तुमी होते तरी पडली."

"तवा शीव मोकळी होती."

"बोल तं तुमालेच लागला न. उन्हात तुमीच बसले न."

आढ्याकडं पाहून राह्यले. मंग म्हणे, "वर्षाचे दहा महिने मले कोनी हाक मारत नाही. कोनाच्या वावरात निंदाले बलावलं तं ए म्हनून बलावते. हे दीड-दोन महिने बुवा म्हनते. काल पाटलानं उपरनं टाकलं."

उपरणं दोरीवर वाळत होतं. मी त्याच्याकडं पाह्यलं. चांगल्या सुताचं आहे.

मले राग आला. मले वाटलं होतं पाटलानं बांधलं. आता पाहते तं आतून कडीही लावलेली.

पाणी आणाले गेली. येताना ठरवलं का ह्यायले सोडवाचं तं चोरून नाही. चोरून नेलं तं हे तठी गेल्यावरही अठीच राहतीन, आभाळ पाह्यत बसतीन. सगळ्यायसमोर पाटलानंच म्हटलं पाह्यजे, बुवा, शीव मोकळी. हे दोन शब्द त्यायच्या कानात पडले पाह्यजे.


वद्य ९, मंगळवार

आज हासावं का रडावं.

भास्कर आला. सकाळच्या मोटारीनं केनवडले उतरला अन् पायी आला. गाव जमलं. त्याचं तोंड पाह्यलं तं बाया पदर तोंडाले लावून हासाले लागल्या. तोंड काळं ठिक्कर, नाकाचं सालटं निंघालेलं, अन् डोळ्याभोवती दोन पांढरे गोल. वानराचं उलटं. म्हणे बरफावरचं ऊन असं भाजते, चश्मा लावा लागते. बरफानं भाजला म्हणे पोट्टा.

पाटलीणबाईनं त्याले चहा देल्ला. मी सरळ ओट्याच्या पायरीवरच जाऊन बसली. म्हटलं, "भास्कर, तिकडं बरफ किती हाये रे आता?"

तो म्हणे, "कुठला बर्फ काकू. चिखल आहे नुसता. पंधरा दिवस झाले. वरच्या अंगाला सावलीत थोडे ठिपके उरलेत, बाकी उतारावर बकऱ्या चरतात. साहेब लोक गेले, हाटेल बंद केलं, म्हणून तर मला रजा दिली."

पाटलानं पान थुकलं.

मी म्हटलं, अन् कमरेइतका, उत्तम, महिनाअखेरपर्यंत, ते काय होतं. तो हासला. म्हणे माणेजर सांगतो तसंच सगळ्यांना लिहायचं. बरफ गेला असं लिहिलं तर येणारे येत नाहीत, खोल्या रिकाम्या राहतात. रोज पन्नास कार्डं लिहितो, हात तेच लिहितो. काकांनाही तेच लिहिलं गेलं. "काका गावात बसून बर्फाचं काय करणार, मला काय माहीत."

काका बरफाचं काय करते हे मी त्याले सांगतलं. तिरसूळ दाखवला. त्याचं तोंड पडलं, सालट्यासकट. चांगला पोरगा आहे. उठून माझ्या पाया पडला.

मी पाटलाकडं पाह्यलं. मले वाटलं आता तरी.

अन् तेवढ्यात डाकवाला. सायकल भिंतीले टेकवली अन् कार्ड पुढं केलं. भास्करचंच. निंघाच्या आधी टाकलेलं, तो पुढं आला अन् कार्ड मागून. गुरुजी नव्हते म्हणून पाटलानं भास्करलेच वाचाले देल्लं. भास्कर आपलंच कार्ड आपल्याच तोंडानं वाचून राह्यला. बरफ उत्तम आहे. ताजा पडला आहे. काकांस नमस्कार.

मी म्हटलं पाटील, कागद तठी अन् माणूस अठी. कोणाचं ऐकाचं.

पाटील कार्ड उलटं-सुलटं करून पाह्ये. मंग भास्करले म्हणे, "तू निंघाल्यावर पडला असन."

भास्कर म्हणे, "काका, हे मी निघायच्या आधी लिहिलंय."

"मंग तेच तं म्हनतो. लिहिलं ते लिहिलं."

सारा ओटा हासला. मीही हासली, डोळ्यात पाणी येईस्तोर. घरी येऊन चुलीपाशी बसली तवा हासू थांबलं अन् पाणी थांबलं नाही.


वद्य १०, बुधवार

पाटलीणबाई आज दुधाचा तांब्या घेऊन स्वतः आल्या. दररोज गडी आणते. दार लोटून आत बसल्या. म्हणे भागा, मले सगळं मालूम हाये, माह्या माणसाचं डोस्कं त्या बागेत गेलं, रोज फळं मोजते. मंग आवाज कमी करून म्हणे, "तू जाय. दही मी लावतो. तुह्याच चुलीपाशी बसून लावन. कोनाले समजन? दह्याले हात ओळखू येते का?"

मी त्यायच्या तोंडाकडं पाहत राह्यली. म्हटलं तुमचा इश्वास नाही का ह्याच्यावर.

म्हणे, "माह्या पहिल्या पोरीच्या वक्ती मले बी मुराळी आला नव्हता. नदी चढली होती." त्यायची पहिली पोरगी आमी कोणी पाह्यली नाही.

मले वाटलं आत्ता निंघावं, ह्या पावली. पण मी गेली अन् दुसऱ्या दिवशी एक गार पडली तं ह्यायले पुन्हा उन्हात बसवतीन, ह्या खोकल्यात. अन् पाटलीणबाई तं काही बोलू शकणार नाही. म्हटलं बाई, तुमचा हात मले पाह्यजे, पण उजेडात. शब्द आठवणीत ठेवा.

त्या उठल्या. म्हणे उजेडात मी तुह्याएवढी धीट नाही.

दुपारून आसेगावचा माणूस आला, जावयानं धाडलेला. कौसीचं पोट खाली उतरलं. सुईण म्हणते आखाजीची वाट पाह्यणार नाही. कौसीनं सांगतलं का मायले म्हणा, येशीन तं ये, मी दरवाज्यात बसते.

आता ठीक आहे नाही म्हटलं तिनं.

सोमवारी अवस. अवसेले कोणी शीव ओलांडत नाही अन् पोटुशीले तं आणतच नाही. म्हणजे रविवारीच जाऊन तठी राहा लागते, अवस सरली का तिले आणाचं. अन् तिरसूळ शनिवारीच निंघते. म्हणजे हाच शनिवार. दुसरा नाही.


वद्य ११, गुरुवार

आज मी भिंतीमागं गेली नाही. रेडिओच्या वेळेले सरळ ओट्यावर चढली. बाई ओट्यावर चढली म्हणून सगळे सरकले, आपोआप जागा झाली. एकादस, म्हणून माणसंही जास्त. भास्कर होता, गुरुजी होते, कांदेवाले होते. हे येत नव्हते. मी म्हटलं आले नाही तं ते उपरणं चुलीत घालतो. आले. खाली पायरीशी उभे राह्यले, उपरणं अंगावर.

रेडिओतली बाई बोलून राह्यली होती. हवेचं सुरू झालं. पाटलानं गप राहाले हात केला. मी म्हटलं पाटील, ते बंद करा. त्यायनं नाही केलं. भास्करनं केलं. उठून रेडिओचा कान पिळला अन् बसला परत.

मंग बोलली. जास्त नाही बोलली. लिहून ठेवते, कारण उद्या म्हणतीन अशी नाही तशी बोलली.

म्हटलं, पहाडातला बरफ गेला हे तुमच्याच रक्तानं सांगतलं. तिकडं चिखल आहे, बकऱ्या चरून राह्यल्या. तुमीच म्हटलं होतं, बरफ थांबला का बुवा मोकळा. बोली तुमची. मी नवीन काही मागून नाही राह्यली. गावाचं धान्य घरात आहे. उरली तुमची बाग. बागेसाठी ह्या माणसानं रविवारी ताटावरून उठून आपली छाती देल्ली. आता माझी लेक दरवाज्यात बसली आहे.

पाटील म्हणे, अन् दही?

म्हटलं दही लावाले बाई मिळाली. ती रोज लावीन, खाडा पडणार नाही. कोण ते नाही सांगत. जिचं तिनं सांगावं.

दाराआड बांगड्या वाजल्या. पाटलानं मान वळवली. दार हाललं नाही. बांगड्या पुन्हा वाजल्या, एवढंच. पण पाटलाचा पान चावणारा जबडा थांबला. बांगड्या कोणाच्या हे त्याले ओळखू येते.

गुरुजी म्हणाले, भागीरथीबाईंचं म्हणणं रास्त आहे. कांदेवाला म्हणे, कांदा तं जमिनीत हाये. आता म्हणे.

ह्यायनं उपरणं अंगावरून काढलं, घडी केली अन् ओट्याच्या काठावर ठेवलं. मी सांगतलं नव्हतं.

पाटील म्हणे, "पाहू."

मी म्हटलं पाहू नाही. पाहू पाहू करत मागच्या साली एक पोट गेलं. वार सांगून जाते. परवा शनिवार. दिवस माथ्यावर याच्या आत तुमी मारोतीसमोर या, तिरसुळाले हात घाला अन् सगळ्यायसमोर म्हणा, बुवा, शीव मोकळी. नसन म्हणाचं तं तेही तठीच येऊन म्हणा, तोंडानं, कार्डानं नाही. नाही आले तं मी उपटते. बाईचा हात लागला का तिरसूळ बाटते म्हणते ना, मंग बाटू द्या. पुढच्या शिवरात्रीले नवा घडवा अन् गाडाले माणूस पाहा.

घरी येऊन गाठोडं बांधलं. दोन जुनी लुगडी बाळुत्यायसाठी, सुंठ, डिंक, कौसीच्या लहानपणची दुपट्याची चिंधी. बंडीवाल्याले रविवारचं सांगतलं. ह्यायनं बैलायच्या पाण्याचं इचारलं, म्हणजे येतीन.

मंग दही लावलं. का लावलं माहीत नाही. हाताले वळण.

शनिवार. माथ्यावर ऊन याच्या आत. जवाब पाह्यजे.